जहाजावरचा शेजार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी व्याख्याता नव्हे. सदतीस वर्षे जहाजाच्या इंजिनांजवळ गेल्यामुळे माझा डावा कान जवळजवळ निकामी झाला आहे, आणि बोलताना आवाज नको तितका चढतो. तो राग समजू नये. चिटणीससाहेबांनी मला ‘परदेशातील नोकऱ्यांच्या संधी’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. त्यांची क्षमा मागून मी विषय थोडा बदलतो. संधीची माहिती हल्ली मुलांच्या हातातल्या फोनवर घरबसल्या मिळते. पण नोकरी मिळाल्यावर पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी शेजारी कोण बसेल, त्याची भाषा कोणती, तो काय खातो आणि काय खात नाही, आणि अशा माणसाबरोबर महिनोन् महिने काम कसे करावयाचे, हे कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते. त्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्या एका माणसाने दिली. म्हणून आज त्याविषयी बोलतो.

आमचे गाव दाभोळ खाडीच्या काठचे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी लाकडी पेटी असेल, तिच्यावर पांढऱ्या रंगाने आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव लिहिलेले. माझे आजोबा एका इंग्रज कंपनीच्या जहाजावर सारंग होते. त्या काळच्या मोठ्या प्रवासी जहाजांवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे लोक, खाली बॉयलरपाशी पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि प्रवाशांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. वर अधिकारी सगळे गोरे. प्रत्येक गटाचा पुढारी वेगळा, भंडारी वेगळा, चूल वेगळी. एकमेकांशी बोलायला खलाशांची एक खास हिंदुस्तानी होती. तिच्यात अरबी, फारसी, पोर्तुगीज, मराठी, सगळे शब्द एका पातेल्यात शिजलेले. आपल्या मराठीतही त्यातले किती आहेत पहा. ‘सुकाणू’ अरबीतून आला, ‘नाखवा’ फारसी नाखुदावरून, ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून. मुंबईच्या गोदीत क्रेनवाल्याला ओझे उचलायला सांगताना खलाशी ‘हाबेस’ म्हणतो आणि खाली सोडायला सांगताना ‘आरिया’ म्हणतो. हा ‘आरिया’ही पोर्तुगीजच.

आजोबा या जहाजांच्या गोष्टी सांगत तेव्हा मला वाटे, वा, काय एकोपा होता! पुढे स्वतः दर्यावर गेल्यावर उलगडा झाला की तो एकोपा नव्हता, नीट आखलेली वाटणी होती. पंजाबी माणूस काय खातो हे आजोबांना तीस वर्षांत ठाऊक झाले नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या एका लहानशा हिश्श्याइतका असे, आणि सारंगाच्या वर चढावयाची शिडी नव्हती. जहाज मात्र व्यवस्थित चालत होते, हेही खरे. माणसांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून कामे करवून घेता येतात. पण मी ज्या जहाजांवर काम केले तेथे हे कप्पे मोडलेले होते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो, मुंबईच्या एका गोदीत चार वर्षे उमेदवारी केली आणि १९८१ साली कनिष्ठ इंजिनियर म्हणून बोटीवर चढलो. पहिली पाच वर्षे भारतीय जहाजांवर गेली. नंतर परदेशी कंपनीत गेलो. तेथे कॅप्टन ग्रीक, सेकंड इंजिनियर पोलंडचा, विजेचे काम पाहणारा बल्गेरियाचा, बाकी बहुतेक खलाशी फिलिपिन्सचे, आणि आम्ही दोघे-तिघे हिंदुस्थानी. एकूण बावीस माणसे आणि सहा मातृभाषा. इंग्रजी सगळ्यांना येत होती, म्हणजे प्रत्येकाला आपापली इंग्रजी येत होती.

ही गोष्ट १९८८ ची आहे. मी थर्ड इंजिनियर होतो, वय एकोणतीस. माझ्या पाळीवर एक फिलिपिनो ऑइलर होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तीन मुलांचा बाप, कामाला अतिशय स्वच्छ.

मोठ्या इंजिनात जाळावयाचे जड तेल गार असताना डांबरासारखे घट्ट असते. ते पातळ व्हावे म्हणून १३० अंशांच्या आसपास तापवितात, गाळणीतून नेतात आणि मग इंजिनात सोडतात. अशा दोन गाळण्या शेजारी शेजारी असतात. एकीतून तेल चालू असते, दुसरी बंद असते, आणि जी बंद तीच उघडून साफ करावयाची. मी त्या ऑइलरला इंजिनाच्या गडगडाटात ओरडून सांगितले की नंबर एक चालू आहे, ती उघडायची नाही, नंबर दोन उघड. हे एका दमात आणि माझ्या इंग्रजीत. तो म्हणाला, “येस सर.” मी वळलो आणि कंट्रोल रूमकडे गेलो.

त्याने नंबर एकचे नट सैल केले.

तापलेल्या तेलाची चिळकांडी त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर उडाली. सेकंड इंजिनियर जवळ होता, त्याने धावत जाऊन पंप बंद केला, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. तेच तेल तापलेल्या धुराच्या नळावर पडले असते तर आग लागली असती, आणि इंजिन रूममधल्या बहुतेक आगी अशाच लागतात. दोन दिवसांनी पुढच्या बंदरात त्याला उतरवून इस्पितळात नेले. तेथून त्याला मायदेशी पाठविण्यात आले.

अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य होते: “स्पष्ट आदेश देऊनही ऑइलरने त्याचे पालन केले नाही.” कॅप्टनने सही केली. त्या माणसाला त्या कंपनीने पुन्हा घेतले नाही.

तीन-चार दिवसांनी फिलिपिनो फिटर माझ्याजवळ चहाचा पेला घेऊन आला. वयस्क माणूस. त्याने वाद घातला नाही. एवढेच विचारले की साहेब, त्याला समजले होते का? मी म्हणालो, त्याने ‘येस’ म्हटले. फिटर म्हणाला, “तो ‘येस’ म्हणाला, कारण मागच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारले तेव्हा तुम्ही रागावलात.”

ते खरे होते. मागच्या आठवड्यात त्याने एका कामाविषयी दोनदा “व्हॉट सर?” असे विचारले होते, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो होतो की तुला कान आहेत की नाहीत? मी ते विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता. त्याच्या ‘येस सर’चा अर्थ ‘मला समजले’ असा नव्हताच. त्याचा अर्थ ‘आपण रागावू नका’ असा होता.

माझ्या अहवालातला एकही शब्द खोटा नव्हता आणि अहवाल मात्र खोटा होता. १९९१ साली मी कंपनीला पत्र लिहून हे सारे कळविले. पत्र मिळाल्याची पोच आली. त्यापुढे काही झाले नाही.

आता कोणी म्हणेल की फिलिपिनो माणसांचा स्वभावच असा, साहेबाला नाही म्हणत नाहीत. मीही काही वर्षे हेच बोलत असे. मग एका सुट्टीत घरी आलो असताना माझा पुतण्या, वय दहा, त्याच्या वडिलांसमोर उभा होता. वडील काहीतरी लांबलचक बजावीत होते आणि तो मान हलवून “हो, हो” म्हणत होता. ते आत गेल्यावर मी त्याला हळूच विचारले, काय करायचे आहे रे? म्हणाला, ठाऊक नाही. मग विचारले का नाहीस? म्हणाला, मार बसेल. फिलिपिन्स माझ्या ओटीवरच होते!

१९९१ सालीच पत्र का लिहिले, त्याचे कारण सांगतो. १९९० च्या एप्रिलमध्ये, ६ तारखेची रात्र उलटल्यावर, नॉर्वेतील ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कॅन्डिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजावर आग लागली. १५९ माणसे गेली. आग कशी लागली, कोणी लावली, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. पण एका गोष्टीविषयी वाद नव्हता. जहाज त्या मार्गावर येऊन जेमतेम काही दिवस झाले होते, आणि कर्मचाऱ्यांत अनेक पोर्तुगीज होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना प्रवाशांची भाषा येत नव्हती आणि इंग्रजीही येत नव्हती. धुरात अडकलेल्या माणसाला दार कोठे आहे हे सांगावयाचे तर कोणत्या भाषेत? या दुर्घटनेविषयी वाचले तेव्हा मला त्या पोर्तुगीजांचा राग आला नाही. मला माझी गाळणी आठवली.

नंतर जगभरचे नियम या दिशेने कडक होत गेले. आज समुद्रावरील सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक जहाजाला आपली कामाची एक भाषा ठरवून ती लॉगबुकात नोंदवावी लागते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरील संभाषणासाठी ठराविक इंग्रजी वाक्यांचा एक संग्रह मंजूर केला. विद्यार्थ्यांनी तो मिळवून अवश्य पाहावा. ती इंग्रजी शेक्सपियरची नाही आणि तुमच्या शाळेतल्या निबंधाचीही नाही. तिच्यात नुसते ‘येस’ म्हणून चालत नाही, ‘येस’ म्हणून पुढे पूर्ण वाक्य म्हणावे लागते. १५० हा आकडा ‘एक-पाच-शून्य’ असा सुटा सुटा सांगावा लागतो. ‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’ यांसारखे दोन अर्थांचे शब्द शक्यतो टाळावयाचे. आणि समजले नाही तर ‘से अगेन’ म्हणावयाचे. ‘से अगेन’ हा तेथे अधिकृत शब्दप्रयोग आहे, उद्धटपणा नव्हे.

तो माझ्या हाती पडण्याच्या आधीच, सेकंड इंजिनियर झाल्यापासून, मी माझ्यापुरता एक नियम केला होता. गोंगाटात ‘हे करू नको’ अशा वाक्याने हुकूम द्यावयाचा नाही. ‘नको’ हा शब्द आवाजात वाहून जातो आणि आकडा तेवढा ऐकू येतो. जे करावयाचे तेच सांगावयाचे, त्या वस्तूवर हात ठेवून. मग समोरच्याने ते त्याच्या शब्दांत मला परत सांगावयाचे. सुरुवातीला माणसांना हा अपमान वाटे. पोलंडचा एक मेकॅनिक म्हणाला, मी काय शाळकरी पोर आहे? तेव्हा मी त्यालाही माझ्याकडून तसेच परत म्हणवून घ्यायला सांगितले. मग त्याची तक्रार राहिली नाही, उलट मला चुकताना पकडण्यात त्याला गंमत वाटू लागली.

मान हलविण्याची तर वेगळीच तऱ्हा. आपण हिंदुस्थानी लोक ‘हो’ म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलवितो. ते पाहून ग्रीक कॅप्टन हैराण होत असे, हा हो म्हणतो की नाही? बल्गेरियात तर मान खालीवर हलविणे म्हणजे ‘नाही’. आमच्या त्या विजेच्या माणसाला मी विचारले, प्रवाह बंद केलास ना? त्याने मान खालीवर हलविली. नशिबाने मला ही गोष्ट आधी कळलेली होती! त्या दिवसापासून कामावर मान हलविणे बंद, तोंडाने बोलावयाचे, असे ठरले.

आता जेवणाविषयी. खरे सांगतो, माणसे जुळतात की तुटतात ते कामावर कमी आणि जेवणाच्या खोलीत अधिक ठरते. एका जहाजावर मडगावकडचा कुक होता. नवा माणूस चढला की त्याची पेटी खाली ठेवण्यापूर्वी कुक विचारी, “तू काय खात नाहीस?” काय खातोस असे नव्हे, काय खात नाहीस. मी सांगितले की डुकराचे मांस नाही, आणि इतर मांस हलाल असल्याशिवाय नाही. त्याने भाषण केले नाही की तोंड वाकडे केले नाही. एका तव्याच्या दांड्याला निळी तार गुंडाळली आणि तो तवा माझ्या नावाचा झाला. आठ महिने त्या तव्यात माझी अंडी आणि मासळी शिजली. गुजरातकडचा एक शाकाहारी कॅडेट होता, त्याच्या तव्याला हिरवी तार. पण टेबल सर्वांचे एक. दुसऱ्या एका जहाजावर याच्या उलट होते. तेथे प्रत्येक देशाचे टेबल वेगळे झाले होते, कोणी हुकूम न देता, आपोआप. त्या जहाजावर लहानसहान गोष्टींवरून भांडणे होत. चहाची साखर संपली तरी ती कोणत्या टेबलाने संपविली याची चौकशी होई.

आज खलाशांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या सागरी श्रम करारात स्पष्ट लिहिले आहे की जहाजावरील अन्न खलाशांच्या धार्मिक गरजा आणि चालीरीती ध्यानात घेऊन दिले पाहिजे. हा करार २०१३ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. तेव्हा तुमच्या मुलाला काही वेगळे खावयाचे असेल तर ती याचना नव्हे. त्याने पहिल्याच दिवशी, शांतपणे आणि लाज न बाळगता सांगावे. मात्र न सांगता उपाशी राहून मग ‘माझी कोणी पर्वा करीत नाही’ असे घरी पत्र लिहू नये. मी पहिल्या परदेशी जहाजावर नेमके हेच केले होते.

रोजांविषयी पालक हमखास विचारतात, म्हणून एक अनुभव सांगतो. १९९८ साली रमजान डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास सुरू झाला. प्रवासात सवलत असते हे मला ठाऊक आहे, आणि इंजिन रूममध्ये ४५ अंशांच्या उष्म्यात प्रत्येकाने रोजा धरावाच असे मी सांगणार नाही. मी धरले, ही माझी गोष्ट. जहाज जुने असल्यामुळे चोवीस तास पाळ्या असत. माझी पाळी ४ ते ८, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे सहेरीही पाळीत आणि इफ्तारही पाळीत! थर्ड इंजिनियर पोलंडचा तरुण होता. त्याला मी काही सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळण्याच्या वेळी तो खाली आला, घड्याळाकडे बोट दाखविले आणि म्हणाला, “अर्धा तास मी आहे, तू वर जा.” रोज संध्याकाळी तो असा आला. २४ डिसेंबरला त्यांच्याकडे घरोघर मोठे जेवण असते. त्या रात्रीची त्याची १२ ते ४ ची पाळी मी केली आणि पुढे माझी ४ ते ८. सलग आठ तास. याला कोणी उदारता वगैरे म्हणाले तर आम्ही दोघेही हसू. ती पाळ्यांची अदलाबदल होती. पण वीस वर्षांनंतरही आम्ही एकमेकांना फोन करतो.

आता आपल्या घरची एक गोष्ट, थोडी कडू आहे. पुढे मी चीफ झालो. एका जहाजावर रत्नागिरीकडचा एक मुलगा वायपर म्हणून आला. किती आनंद झाला म्हणून सांगू! आम्ही कंट्रोल रूममध्ये आपल्या बोलीत मनसोक्त बोलत असू. आंबा, पाऊस, कोणाचे लग्न, कोणाचा वाद. खळखळून हसत असू. महिन्याभराने माझ्या ध्यानात आले की फिलिपिनो सेकंड इंजिनियर दहाच्या चहाला खाली येईनासा झाला आहे. पुष्कळ आग्रह केल्यावर त्याने सांगितले, “तुम्ही दोघे माझ्याकडे पाहता आणि हसता.” आम्ही त्याच्याकडे पाहत असू ते केवळ तो समोर बसलेला असे म्हणून. पण त्याला ते कसे कळावे? दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत आम्ही दोघेही इंग्रजीतच बोलू लागलो. गावचा मुलगा रुसला. म्हणाला, चीफसाहेब आता साहेब झाले. संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये बसून आम्ही हवे तेवढे आपल्या बोलीत बोलत असू, तरी त्याचा रुसवा जायला बरेच दिवस लागले.

परदेशी गेलेली आपली मुले आपल्याच माणसांत राहतात, खातात, बोलतात. त्यात आधार असतो, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण त्यांना वाटते की दुसऱ्यांनी आपल्याला दूर ठेवले. पुष्कळदा आपल्या हसण्याचा आवाज त्यांना दूर ठेवतो.

२०२१ सालच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार जगातील व्यापारी जहाजांवर सुमारे १९ लाख माणसे काम करतात, आणि त्यांत सर्वाधिक पुरवठा करणाऱ्या देशांत फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन यांच्याबरोबर भारतही आहे. तेव्हा या सभागृहातील काही मुले तिकडे जातील, काही आखाती देशांत जातील, काही पुण्याच्या कारखान्यात. शेजारी कोणीतरी वेगळा असणारच. पालकांना माझी विनंती अशी की मूल ‘समजले नाही’ म्हणाले तर कृपा करून हात उगारू नका. शिक्षकांना मी काय सांगणार, पण वर्गात ‘समजले का?’ असे विचारल्यावर साठ तोंडांतून जो एकसुरी ‘हो सर’ निघतो, तो ऐकला की मला अजूनही तेलाचा वास येतो.

शेवटच्या सफरीवर, २०१८ मध्ये, माझ्याकडे युक्रेनचा एक कॅडेट होता. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, डोक्यावर टोपी सदा वाकडी. पंपाचे एक काम सांगत असताना त्याने मध्येच हात वर केला आणि म्हणाला, “चीफ, से अगेन.” मी पुन्हा सांगितले. तो म्हणाला, “से अगेन.” माझ्या कपाळावर आठी चढली असावी, कारण बाजूला उभा असलेला ऑइलर खाली पाहू लागला. मी पंपावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा सांगितले. मग त्या पोराने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सारे मला परत सांगितले. त्यात एका व्हॉल्व्हचा आकडा चुकला होता. तो मी सुधारला, त्याने पुन्हा म्हटला, आणि मग पाना उचलला.